मागच्या दाराने तपासलेला कान

लिलीच्या मानेतली गाठ मला खालून दिसली. मी तिच्या पार्लरच्या खुर्चीत मान मागे टाकून बसले होते आणि ती माझ्यावर वाकून भुवया करत होती. थ्रेडिंगच्या दोऱ्याचं एक टोक तिच्या दातांत होतं. तिने मान ताणली आणि डाव्या कानाच्या खाली, जबड्याच्या मागे, कातडीखाली सुपारीएवढं काहीतरी वर आलं.

मी तिला थांबवलं, उठून बसले आणि बोटाने चाचपून पाहिलं. गाठ टणक होती. दाबली तर सरकत नव्हती. दुखते का, तर नाही म्हणाली.

"कधीपासून हाय हे?"

"दसऱ्याच्या आंगोदरपासून असंल. दाढ सुजली असंल म्हनून मी काही पाह्यलं नाई."

"आन् कान?"

"कान तसाच हाय. तुले सांगतलं होतं नं मी."

सांगितलं होतं. मे महिन्यात सांगितलं होतं आणि हा नोव्हेंबर होता. एक भुवई झालेली आणि एक राहिलेली, अशीच मी त्या दिवशी घरी आले.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी ऑडिओमेट्री टेक्निशियन होते. म्हणजे कानाने किती ऐकू येतं ते मोजणारी. भिलाईतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या ईएनटी विभागात, कान-नाक-घशाच्या ओपीडीला लागून असलेल्या खोलीत, मी सत्तावीस वर्षं काढली. माझ्याकडे दोन मशिनी. एकीत पेशंटला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. दुसरी मशीन कानाचा पडदा नीट हलतो का ते बघते. कानात रबरी टोक बसवायचं, थोडी हवा दाबायची, की कागदाच्या अरुंद पट्टीवर रेघ उमटते. पडदा हलत असेल तर रेघ टेकडीसारखी वर जाऊन खाली येते. पडद्यामागे पाणी साचलं असेल तर रेघ सपाट जाते. ती पट्टी पेशंटच्या कार्डाला चिकटवायची आणि कार्ड डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचं. एवढंच काम.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक प्लांटचे, म्हणजे इथल्या पोलादाच्या कारखान्याचे. खुर्सीपारचे, कॅम्पातले, भिलाई-3चे. माझे बाबाही प्लांटमध्येच होते, कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर. भंडाऱ्याकडचं गाव सोडून आले आणि रिटायर होईपर्यंत घरात ओरडूनच बोलले. भोंगे, हातोडे आणि पंख्यांच्या आवाजाने दोन्ही कान सारखेच जातात. असे कान मी हजारोंनी पाहिले असतील. नुसतं माणसाचं दारातून येणं बघून मी सांगायचे, याचा रिपोर्ट कसा येणार. लोक कौतुक करायचे. मलाही ते आवडायचं.

लिली प्लांटची नव्हती. तिच्या वडिलांनी कलकत्त्याहून येऊन कॅम्प वनच्या बाजारात चपलांचं दुकान टाकलं, तेव्हा प्लांट उभा राहत होता. मूळचे ते चिनी. लिली इथेच जन्मली, शेजारीपाजारी सगळे आमच्यासारखे विदर्भातून आलेले, त्यामुळे तिची मराठी माझ्या मुलीपेक्षा चांगली. माझी मुलगी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते. लिली मात्र "कावून वो बाई, आज घाईत दिसून राहिली" असं म्हणत पार्लरचं दार उघडायची. नवीन गिऱ्हाईक चेहऱ्याकडे बघून हिंदीत विचारायचं, "आप नेपाल से हो?" ती म्हणायची, "भिलाई-3 के आगे तो हम कभी रहे नहीं." घरात आईशी ती त्यांची हाक्का बोली बोलायची. नवरा टोनी कलकत्त्याचा, लग्नानंतर येऊन सासऱ्याचं दुकान सांभाळत होता. आमची ओळख वीस वर्षांची. माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माझी साडी तिने नेसवून दिली होती.

कोरोनाच्या काळात एकदा ती आईला कान साफ करायला आमच्याच हॉस्पिटलात घेऊन आली होती. मला न सांगता. काउंटरवर साहू होता. साहू वाईट माणूस नाही, पण त्या दिवसांत सगळ्यांनाच भीती चढली होती. त्याने विचारलं, कुठून आलात. कॅम्प वनहून, ती म्हणाली. त्याच्या आधी कुठे होता? कॅम्प वनलाच. मग त्याने दोघींचे पासपोर्ट मागितले. लिलीने आयुष्यात पासपोर्ट काढला नव्हता. तोवर रांगेतले लोक दोन-दोन खुर्च्या सोडून बसले होते, आणि एका बाईने हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की बीमारी आणली ती यांनीच. लिली आईला घेऊन परत गेली. हे तिने मला नंतर पार्लरमध्ये हसत हसत सांगितलं, साहूची नक्कल करून. मी त्या दिवशी आत हेडफोन लावून बसले होते.

मला फार वाईट वाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तिला म्हटलंसुद्धा. पण साहूला दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही. रोज सकाळी तोंड बघायचा माणूस, कशाला वाकड्यात शिरा.

आता मे महिन्याचं सांगते. कोरोना ओसरून गेला होता. लिली म्हणाली, डावा कान भरल्यासारखा वाटतो, आपलाच आवाज आत घुमतो. सकाळी नाक शिंकरलं की कधी कधी रक्ताची रेघ येते. मी म्हटलं, ये तपासून देते. ती म्हणाली, "तुह्या हॉस्पिटलात नाई येत मी. तो पुन्हा पासपोर्ट मांगन."

मग मीच तोडगा काढला. आमच्या इमारतीला मागून एक दार आहे. धुवायचे कपडे आणि ऑक्सिजनची सिलिंडरं तिकडून जातात. त्या दाराने आलं की काउंटर, रांग काही लागत नाही, सरळ माझ्या खोलीशी पोचतो. जेवणाच्या सुट्टीत ये, म्हटलं. कार्डबिर्ड काही काढू नको, मी पाच मिनिटांत बघून देते.

तिला हा त्रास पुन्हा होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. आणि थोडा मोठेपणाही होता. आपल्या ओळखीने कुणाचं काम झालं की माणूस उगीच दोन इंच उंच होतो.

ती आली. मशीन लावली. उजव्या कानाची रेघ छान टेकडीसारखी आली. डाव्या कानाची सपाट आली. पुन्हा लावली, पुन्हा सपाट. पडद्यामागे पाणी होतं.

इथे एक नियम आहे. लहान मुलांच्या कानात पाणी साचतं, त्यात विशेष काही नाही. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साचलं आणि ते राहिलं, तर नाकाच्या मागे दुर्बीण घालून बघायचं. कारण कानातून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. तिथे काही वाढत असेल तर नळीचं तोंड दबतं आणि कानात पाणी साचतं. कान तक्रार करतो आणि चोर नाकामागे बसलेला असतो. हे मला आमच्या डॉक्टरांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

नियम मला आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला होता. पण मी तिला विचारलं, सर्दी झाली होती का. ती म्हणाली, "सर्दी नाई वो. गरमी चढली."

हा शब्द नीट समजावून सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. आमच्याकडे मे महिन्यात घोळणा फुटतो. भंडाऱ्यात फुटतो तसा भिलाईतही फुटतो. ऊन चढलं की नाकातून रक्त येतं, कांदा फोडून हुंगायला देतात, डोक्यावर पाणी मारतात, झालं. त्यामुळे गरमी म्हटल्यावर मला सगळं समजलं. लिलीच्या माहेरच्या लोकांत मात्र गरमी वेगळी. बाहेर थंडी असली तरी ती शरीराच्या आत चढते. तळलेलं खाल्लं, जागरण केलं, की चढते. तोंड येतं, घसा धरतो, नाकातून रक्त येतं. तिच्या बोलीत तिला वेगळा शब्द आहे, तिने दोनतीनदा सांगितला, माझ्या जिभेवर काही तो बसला नाही. हिंदीत ती सरळ गरमीच म्हणायची. त्यावर तिची आई वाळलेल्या शेवंतीचा काढा करायची. महिनाभर लिली तो पीत होती.

म्हणजे ती तिच्या गरमीबद्दल बोलत होती आणि मी माझ्या. शब्द एकच असल्याने दोघींचं लगेच जमलं. एकमेकींची भाषा येत नसती, तर निदान मी आणखी दोन प्रश्न विचारले असते.

"ऊन लय हाय यंदा," मी म्हटलं. "माह्या पुतन्याचाबी घोयना फुटला. आठ दिवस नाकात थेंब टाक, खुलते कान."

पट्टी मी मशिनीतून फाडली आणि डस्टबिनमध्ये टाकली. कार्डच नव्हतं, चिकटवणार कशाला? आणि डॉक्टरांना दाखवायचं तर आधी सांगावं लागलं असतं की मी मागच्या दाराने, कार्डाशिवाय तपासणी केली. त्यांनी याबद्दल आम्हाला एकदा चांगलंच झापलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प बसले. ईएनटीत इतकी वर्षं काढली की माणूस अर्धा डॉक्टर होतो. हा अर्धा डॉक्टर फार वाईट.

पावसाळ्यात ती एकदा म्हणाली, कान काही उघडत नाही. मी म्हटलं, दमट हवा आहे, वेळ लागतो. आणखी एकदा म्हणाली. मी थेंब बदलून दिले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं असेल.

मग ती गाठ दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिलीला आणि टोनीला पुढच्या दाराने घेऊन गेले. साहूने नाव, वय, पत्ता विचारला, कार्ड केलं आणि आत पाठवलं. एवढंच झालं. कोरोनात ही बाई येऊन गेल्याचं त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

कार्डाच्या मागच्या पानावर काही छापील प्रश्न असतात. बीपी, शुगर, कसली ॲलर्जी, आधीचं ऑपरेशन. ते मीच भरून घ्यायचे. शेवटचा प्रश्न असतो, घरात कुणाला मोठा आजार झाला आहे का. मी सवयीने वाचला.

"मामाले झाला होता," लिली म्हणाली. "कलकत्त्याले. नाकाच्या मांगं कॅन्सर. त्याच्याबी मानंत गाठ आलती."

"हे तू मले आधी कावून नाई सांगतलं?"

"तू कुठी इचारलं?"

ती रागाने म्हणाली नाही. तिने फक्त उत्तर दिलं. हा प्रश्न मी वीसहून जास्त वर्षं ओळख ना पाळख अशा प्रत्येक माणसाला विचारला होता. मे महिन्यात कार्ड नव्हतं, म्हणून पानही नव्हतं, म्हणून तिला विचारला नव्हता.

आमचे डॉक्टर मूळचे अमरावतीचे, कमी बोलणारे. त्यांनी नाक बधिर करून दुर्बीण घातली. मी बाजूला उभी होते, स्क्रीन मलाही दिसत होता. नाकाच्या मागे, डाव्या बाजूला, जिथे कानाची नळी उघडते तिथे मांसाचा खडबडीत गोळा होता. दुर्बिणीचं टोक लागताच त्यातून रक्त आलं. त्यांनी तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि लिलीला बाहेर बसवलं. मग माझ्याकडे वळले.

"कान किती दिवसांपासून बंद म्हणाली?"

"मे महिन्यापासून."

"तेव्हा कुठे दाखवलं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पट्टी नव्हती, कार्ड नव्हतं, लिलीने माझं नाव घेतलं नव्हतं आणि घेतलंही नसतं.

"मीच तपासला होता, सर. सपाट आला होता. कार्ड नव्हतं काढलं."

त्यांनी हातमोजे काढले. एक एक करून डब्यात टाकले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम," ते म्हणाले, "दक्षिण चीनच्या लोकांत हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आमच्या पुस्तकात पहिल्याच परिच्छेदात असतं. हिचा चेहरा तुम्हाला दिसत नव्हता का?"

दिसत होता. वीस वर्षं जवळून दिसत होता. तिचा चेहरा बघून साहूने पासपोर्ट मागितला, रांगेतले लोक लांब सरकून बसले, गिऱ्हाइकांनी नेपाळ विचारलं. आणि मी ठरवून टाकलं होतं की मला तो चेहरा दिसणारच नाही, ती आमच्यातलीच. चांगलं वागण्याची माझी ही कल्पना होती. ज्या एका खोलीत तिचे आजे कुठले हे विचारण्याला अर्थ होता, तिथे मी ते चुकूनही विचारलं नाही.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. कॅन्सरच होता आणि मानेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. या जागेवर ऑपरेशन सहसा करत नाहीत. किरणं देतात आणि सोबत सलाईनमधून औषध. रायपूरला जायचं ठरलं. आठवड्यातले पाच दिवस, सात आठवडे. टोनी दुकान बंद ठेवून तिला घेऊन जायचा. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी जायचे.

किरणं देताना डोकं जराही हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा बसवतात. तो प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाने बनवतात. लिलीला त्याचं फार कौतुक. "इतक्या बायांचे चेहरे केले मी," ती म्हणाली, "पन माह्यावालं फेशियल इथंच झालं." तिसऱ्या आठवड्यात तिचं तोंड सोलून निघालं. लाळ आटली. भाताचा घास पाण्याबरोबर गिळावा लागायचा. शेवंतीचा काढासुद्धा आगीसारखा लागतो, म्हणायची. मग बोलणं कमी झालं.

तिथल्या डॉक्टरांनी टोनीला फॉर्म भरताना विचारलं होतं, आधी कुठे तपासणी झाली होती का. टोनीने 'नाही' असं लिहिलं. त्याला माहीत नव्हतं. ते वाचून मला राहवेना. पाचव्या आठवड्यात एका सोमवारी, नंबर यायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. मी तिला सगळं सांगितलं. रेघ सपाट आली होती. तिचा अर्थ मला माहीत होता. नियम माहीत होता. डॉक्टरांची बोलणी बसतील म्हणून मी पट्टी फेकून दिली. तुला रांगेत कुणी टोचून बोलू नये म्हणून मागच्या दाराने घेतलं, पण त्यामुळेच तुझं कार्ड झालं नाही आणि डॉक्टरांनी तुला पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, ती रडेल नाहीतर उठून जाईल. तिने बाटलीतल्या पाण्याने तोंड ओलं केलं. मग हळू, एक एक शब्द सोडवत बोलली.

"रांगेसाठी मांगच्या दारानं नेलं होतं तुनं?"

"हो."

"मले वाटलं, तुले माह्यासंगं लोकायसमोर दिसाचं नसंल. मी म्हनलं, ठीक हाय. एवढं तरी करून राहिली आपल्यासाठी."

तिचा नंबर पुकारला आणि ती आत गेली. मी बाकावर बसून राहिले. माझी आजी भंडाऱ्याकडच्या गावात राहिली. कुठल्या घरी कुठल्या दाराने जायचं आणि कुठे थांबायचं, हे तिला आयुष्यभर लक्षात ठेवावं लागलं. मागच्या दाराचा अर्थ आमच्या घरात कुणाला शिकवावा लागत नाही. आणि तेच दार मी उपकार म्हणून लिलीला दाखवलं, तिने त्याचा तोच जुना अर्थ घेतला आणि गुपचूप आत आली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. अजूनही वाटते. म्हणूनच तिसऱ्यांदा तिने कानाचं विचारलं नव्हतं. आपण जास्त मागतो आहोत असं तिला वाटलं असणार.

ती बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं की तसं नव्हतं, खरंच नव्हतं. तिने मान हलवली. विश्वास ठेवला की नुसतं माझं मन राखलं, ते मला कळलं नाही. तिला बोलायला त्रास होत होता, मी पुन्हा विचारलं नाही.

उपचार पूर्ण झाले. गाठ गेली. डावा कान कायमचा गेला, पण पार्लर तिने पुन्हा उघडलं. दुपारपुरतं. दोरा दातांत धरवत नव्हता म्हणून गळ्यात अडकवून थ्रेडिंग करायची. दीड वर्ष बरं गेलं. मग पाठ दुखायला लागली. या वेळी तिने मला एकाच दिवसात सांगितलं, आणि मी त्याच दिवशी तिला रायपूरला नेलं. आजार हाडात उतरला होता. पुढच्या जानेवारीत ती गेली. तिची आई अजून आहे. टोनीचं दुकान चालू आहे, पार्लरच्या जागी आता मोबाईल रिपेअरवाला बसतो.

मी डॉक्टरांना एकदाच विचारलं, मे महिन्यात कळलं असतं तर ती वाचली असती का. ते म्हणाले, खात्रीने कुणी सांगू शकत नाही. पण तेव्हा मानेत गाठ नव्हती. त्यांनी मला कामावरून काढलं नाही. एक मेमो दिला, त्यावर मी सही केली. त्यानंतर चार वर्षांनी रिटायर झाले.

वाचणाऱ्यांच्या उपयोगाचं एवढंच. मोठ्या माणसाचा एकच कान पंधरा दिवसांच्या वर बंद राहिला, तर थेंब टाकत बसू नका, नाकाच्या मागे दुर्बिणीने बघायला सांगा. घरात कुणाला काय झालं होतं ते न विचारताच सांगा. आणि तपासणारी ओळखीची असली तरी कार्ड काढा. माझी सख्खी बहीण एकदा सुट्टीत कान दाखवायला आली, तिलाही मी काउंटरला पाठवलं. ती सहा महिने बोलली नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर, लिलीला रांगेची भीती वाटत होती, तर मी तिच्या शेजारी रांगेत उभं राहायला हवं होतं. तिला मागच्या दाराने आत घेण्याआधी मी काउंटरवर डोकावून पाहिलं होतं, साहू कुठे आहे ते बघायला. साहू जेवायला गेला होता. रांगेत चार माणसं होती.